ट्रायथलॉन करून थॅलेसेमियाच्या मुलांसाठी पैसे जमवायचेत. बडोद्यात कोणी असं केलंय का?

मकरपुराकर

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचाच. शाळा दांडिया बाजारात, घर आता तरसालीला, नोकरी मकरपुरा जीआयडीसीत, इलेक्ट्रिक पॅनेलच्या कारखान्यात. वय ४१. हिवाळ्यात हाफ मॅरेथॉन धावतो. सायकल आहे, साधी हायब्रिड. पोहायला येतं म्हणजे बुडत नाही, एवढंच.

विषय असा आहे. आमच्याकडच्या एका हेल्परची मुलगी थॅलेसेमिया मेजर आहे. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं. एकदा त्याची पाळी बदलून मिळाली नाही, म्हणून मी तिला आणि तिच्या आईला डे-केअरला सोडायला गेलो आणि तिथेच बसून राहिलो. एका हॉलमध्ये ओळीनं खाटा, प्रत्येक खाटेवर एक पोर. कोणी मोबाइल बघतंय, कोणी कुरमुरे खातंय. आमची पोरगी उजव्या हातात सुई होती म्हणून डाव्या हातानं चित्र रंगवत होती, आणि रंग रेषेबाहेर जात नव्हता. सवयच झालीय तिला, आई म्हणाली.

या मुलांना रक्त मोफत मिळतं, हे मला तिथेच कळलं. पैसे लागतात ते बाकीच्या गोष्टींना. पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर, सारखं रक्त घेऊन अंगात साठणारं लोह काढायच्या रोजच्या गोळ्या, अंगातलं लोह मोजायची फेरिटिनची तपासणी. शिवाय छोटा उदेपूर, डभोईकडून येणाऱ्यांचं बसभाडं आणि बुडालेली रोजंदारी. गोळ्या परवडल्या नाहीत की लोक एक दिवसाआड देतात. लोह हळूहळू हृदयात आणि यकृतात साठत जातं, वरून पोर ठणठणीत दिसतं.

तर डोक्यात असं आलंय की गोव्याची हाफ आयर्नमॅन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी लांब पल्ल्याची ट्रायथलॉन करायची आणि त्या निमित्तानं ते डे-केअर चालवणाऱ्या संस्थेसाठी तीन लाख उभे करायचे. प्रश्न असे. एकदम हाफ झेपेल का? बडोद्यात उघड्या पाण्यात सराव कुठे करायचा? आणि सगळ्यात अवघड, लोकांकडे पैसे मागायचे कसे? मी आजवर गणपतीची वर्गणीसुद्धा मागितलेली नाही, ते काम कायम धाकट्या भावाकडे असायचं. घरी सांगितलं तर सासरे म्हणाले, जावईबापू, पैसे द्यायचे तर सरळ द्या, त्यासाठी समुद्रात कशाला उडी मारताय? खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही.


रावपुरा रिटर्न्स

उघड्या पाण्याच्या सरावासाठी विश्वामित्री नदी उत्तम. कमाटीबागेच्या पुलाखालून सुरुवात करा. मागे मगर असली की वेळ आपोआप सुधारतो.

गंमत बाजूला. आजव्याच्या तलावातही मगरी आहेत, कोणी 'चलो ने, कशुं नहीं थाय' म्हणालं तरी तिकडे फिरकू नका. महापालिकेचा स्विमिंग पूल झिंदाबाद.


स्पष्ट बोलतो

राग मानू नका, पण हल्ली जो उठतो तो धावतो आणि क्यूआर कोड पाठवतो. एकजण लडाखला सायकलवर निघाला होता, 'फॉर अ कॉज'. विमान, हॉटेल, नवी सायकल, सगळं त्या कॉजमधूनच. तुमचा हेतू चांगला असेल, पण तुमच्या छंदाचा खर्च आम्ही का उचलायचा? तुमचे सासरे बरोबर बोलतायत. गोव्याची फी पाच आकडी असते, तीच त्या मुलांना द्या आणि घरी बसा. पोरांचं भलं होईल आणि तुमचे गुडघेही वाचतील.


मांजलपूरची सायकलवाली

मकरपुराकर, तुम्हाला 'तुम्ही' म्हणतेय, पण वयानं मी तुमच्यापेक्षा बरीच मोठी आहे. मध्येच 'तू'वर आले तर चालवून घ्या.

मी कोल्हापूरला ऑलिम्पिक अंतराची ट्रायथलॉन केली. दीड किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० धावणं. तेव्हा पन्नाशी उलटली होती. त्यावर इथल्या एका कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी पैसे जमवले. शाळेचं नाव इथे लिहीत नाही, नाहीतर 'स्पष्ट बोलतो' म्हणतील की जाहिरात करतेय.

आधी शर्यतीचं बोलू, ते सोपं आहे.

गोव्याची सगळ्यांच्याच डोक्यात असते. २०१९ला मीरामारला पहिल्यांदा झाली तेव्हापासून अर्धं बडोदं तिकडे डोळे लावून बसलंय. १.९ किलोमीटर समुद्रात, मग ९० सायकल, मग २१.१ धावणं, आणि सगळं मिळून साडेआठ तासांत. नुसत्या पोहण्याला एक तास दहा मिनिटांची मुदत. ती चुकली तर सायकलला हातही लावू देत नाहीत, तुमची हाफ मॅरेथॉन कितीही भारी असो. 'बुडत नाही एवढंच' म्हणणाऱ्या माणसानं पहिल्याच वर्षी हे अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. आधी स्प्रिंट करा, ७५० मीटर, २० आणि ५ किलोमीटर. नाहीतर ऑलिम्पिक. किंवा गोवाच हवं असेल तर रिले. एकानं पोहायचं, एकानं सायकल, एकानं धावायचं. धावणं तुम्ही घ्या, येतंच आहे. पैसे जमवायला तर मला रिले जास्त बरी वाटते. माणसं तीन म्हणजे फोनमधली नावंही तिप्पट. तुमच्या ओळखी जीआयडीसीतल्या, दुसऱ्याच्या युनिव्हर्सिटीतल्या, तिसरी एखादी गरब्याच्या ग्रुपमधली. एकटा माणूस त्याच त्या चाळीस लोकांकडे फिरत राहतो.

उघड्या पाण्याचा सराव बडोद्यात नाही, हे मान्य करून टाकायचं. मी इथल्या लालबागच्या स्विमिंग पूलला बायकांच्या बॅचला जायचे, पूर्ण बाह्यांचा पोशाख घालून. काठावर बसलेल्या बायका विचारायच्या, 'काकू, तुम्ही एवढ्या फेऱ्या कशाला मारता, वजन तर नाहीये.' तिथे दोन गोष्टी करून घेतल्या. एक, डोळे मिटून सहा-आठ हात मारायचे आणि मग उघडून आपण कुठे पोचलो ते बघायचं. मी उजवीकडे ओढले जात होते. प्रत्येक वेळी उजवा दंड दोरीला घासायचा, घरी जाऊन खोबरेल लावायचं. तलावात दोरीही नसते आणि तळाची काळी पट्टीही नसते. तिरकं गेलं की दीड किलोमीटरचं पावणेदोन होतं. दुसरं म्हणजे, पलीकडच्या कठड्यावर लाल झाकणाची बाटली ठेवायची आणि पोहता पोहता, तोंड पूर्ण वर न काढता, नुसते डोळे पाण्याबाहेर काढून ती शोधायची. तलावात वळायची खूण म्हणून सोडलेला फुगा असाच शोधावा लागतो. मान वर काढली की कंबर बुडते आणि दम लागतो.

कोल्हापूरला राजाराम तलावात उतरले तेव्हा पुढे टाकलेला स्वतःचा हात कोपराच्या पुढे दिसत नव्हता. भोंगा वाजला आणि पहिली दोन मिनिटं नुसत्या लाथा. कोणाची टाच चष्म्यावर, कोणाचा हात पाठीवर. यात कोणाचा दोष नसतो, सगळे आंधळेच असतात. म्हणून कडेला आणि मागे उभं राहायचं, घाई असलेल्यांना जाऊ द्यायचं. मानेला आणि काखेत व्हॅसलीन भरपूर चोपडायचं, नाहीतर संध्याकाळी आंघोळ करताना रडाल. गोव्याला समुद्राचं पाणी कोमट असतं, तेव्हा त्या काळ्या रबरी सूटचा विचार सोडा. एका ठरावीक तापमानाच्या वर तो घालूच देत नाहीत. खर्च वाचला.

सायकलला सिंधरोटचा रस्ता, पहाटे. हालोल रोड लांब आहे पण ट्रक फार, एकटीनं मी कधी गेले नाही. एक्स्प्रेस वेवर सायकलला बंदीच आहे. नव्या सायकलवर पैसे घालू नका. एक नियम आत्तापासून अंगवळणी पाडा. आधी हेल्मेट घालून बक्कल लावायचं, मगच रॅकवरच्या सायकलला हात लावायचा. उलटं केलं तर दंड. दुसऱ्याच्या मागे चिकटून वारा वाचवायचा नाही, त्यालाही दंड, गोव्याला पुढच्याच्या मागे बारा मीटर अंतर ठेवावं लागतं. कानात गाणी नाहीत. आणि रविवारी सायकलवरून उतरल्या उतरल्या, चहा न पिता, दोन-तीन किलोमीटर धावत जायचं. पाय कोणाकडून उसने आणल्यासारखे वाटतात. काही वेळानं आपले होतात, पण तो वेळ किती ते आधीच माहीत असलेलं बरं.

आता पैशाचं.

माझी सगळी नोकरी बँकेत काउंटरवर गेली. लोकांच्या नोटा मोजायची सवय, पण मागायची नाही. म्हणून सुरुवातीला एका कागदावर लिहून काढलं की कोणी काय विचारलं तर काय सांगायचं. पहिला प्रश्न तुमच्या सासऱ्यांचाच होता आणि आमच्या ह्यांनीच विचारला होता. त्याला मी दिलेलं उत्तर सांगते, पटलं तर वापरा. मी सरळ माझ्या खिशातून दिले असते तर शाळेला माझ्याएवढेच मिळाले असते, आणि कोणाला कळलंही नसतं. ही बाई म्हातारपणी तलावात उतरतेय म्हटल्यावर लोक फोन उचलतात. फोन उचलला की शाळेचं बोलता येतं. पोहण्याचा उपयोग तेवढाच.

पण मग 'स्पष्ट बोलतो' यांचा मुद्दा येतो, आणि तो खोटा नाहीये. म्हणून नोंदणी, प्रवास, बूट, राहणं, सगळं माझ्या पेन्शनमधून. देणगीतला रुपयाही माझ्याकडे येणार नाही, थेट शाळेच्या खात्यात जाईल. हे पहिल्या निरोपाच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं. शेवटी नाही, पहिल्या ओळीत. लोक तेवढंच वाचतात.

सोसायटीच्या ग्रुपवर क्यूआर टाकून बघा, अंगठे भरपूर येतील. पैसे येतात ते एकेकाला नावानं फोन केला की. आणि 'यथाशक्ती द्या' म्हणू नका. यथाशक्ती म्हटलं की माणूस एकशे एक देतो आणि सुटतो. शाळेला काय हवं ते मी मुख्याध्यापिकांनाच विचारलं. मला वाटत होतं श्रवणयंत्रं. त्यांनी कपाट उघडून दाखवलं, यंत्रं होती. देणगीदार यंत्र देतात, फोटो काढतात, जातात. ती बटणाएवढी बॅटरी आठवड्या-दोन आठवड्यांत संपते, तिला कोणी देत नाही. मग यंत्र कपाटात आणि पोर पुन्हा शांत. तेव्हापासून मी फक्त बॅटऱ्या मागितल्या. एका मुलाच्या एका कानाच्या वर्षभराच्या बॅटऱ्या, इतके इतके रुपये. लोक विचारायचे, 'दोन्ही कानांचे किती?' आणि दुप्पट द्यायचे. तुमच्याकडे तर गोळ्या आहेतच. एका मुलाच्या एका महिन्याच्या गोळ्यांचे किती ते संस्थेकडून लिहून घ्या. 'थॅलेसेमियासाठी मदत' एवढं म्हटलं तर समोरच्याच्या डोळ्यापुढे काही येत नाही.

मंगळ बाजारात एक हार्डवेअरवाले काका आहेत, माझे जुने खातेदार. त्यांना सांगितलं तर पहिला प्रश्न, 'बेन, तमे तरशो? आ उमरे?' मग पाचेक मिनिटं हसले. मग विचारलं, शाळा क्यां छे. माझ्या हातात काही दिलं नाही. मला वाटलं, गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद ठेवून स्कूटरवर शाळेत जाऊन आले, वर्गात बसून आले, आणि संध्याकाळी मला पावती दाखवायला घरी. रक्कम सांगत नाही, पण माझ्या यादीतली ती सगळ्यात मोठी. असे लोक असतात. त्यांना क्यूआर नको असतो, पत्ता हवा असतो. संस्थेला विचारून ठेवा की कोणी बघायला आलं तर चालेल का, कुठल्या वाराला, मुलांना त्रास न होता.

'पूर्ण केलीत तर देईन' म्हणणारेही भेटतील. त्यांना हसून सांगायचं, आत्ताच द्या. टायर फुटला म्हणून त्या पोरीच्या गोळ्या थांबणार का? पैसे शर्यतीच्या आधी. नंतर माणसं अभिनंदन करतात आणि विसरतात.

वेळही बघा. नवरात्रात बडोद्यात कोणाशी काही बोलू नका. आणि युनायटेड वे या संस्थेच्या गरब्यातून संस्थांसाठी पैसे उभे राहतात हे इथे पोरासोरांना माहीत असतं, 'आम्ही गरब्याचा पास घेतला ना' असं उत्तर मिळेल. तुमच्या जीआयडीसीत दिवाळीआधी बोनस होतो तेव्हा मागा, आणि मग मार्चमध्ये, करवाल्यांकडे. त्यातलं मला नीट सांगता येणार नाही, इथे कोणी सीए असतील तर सांगतील.


आकडेमोड

सीए आहे इथेच. मांजलपूरच्या ताईंनी 'थेट संस्थेच्या खात्यात' म्हटलंय, त्यावर मी दोनदा रेघ मारतो. मकरपुराकर, स्वतःच्या यूपीआयवर गोळा करून मग संस्थेला द्यायचं, हा विचार असेल तर सोडा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५०,०००च्या वर रक्कम आली तर कायद्यानं ती तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते. नुसती वरची नव्हे, सगळीच. तुम्ही पुढे दिले हे खरं, पण नोटीस आली तर कागद तुम्हीच दाखवत बसणार. आणि या कलमात नातेवाईक म्हणजे आपण समजतो ते नाही. सख्खे भाऊ-बहीण, काका, मामा, आत्या, मावशी आहेत, चुलतभाऊ नाही.

शिवाय तुमच्यामार्फत दिलं तर देणाऱ्याला ८०जीची, म्हणजे देणगीवरची, करवजावट मिळत नाही, कारण पावती त्याच्या नावानं निघत नाही. संस्थेला आधी विचारा, ८०जीची नोंदणी आहे का आणि चालू आहे का. असेल तर साधारणपणे दिलेल्या रकमेच्या निम्मी वजावट, तीही एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत, आणि फक्त जुन्या करप्रणालीत असलेल्यांना. नवीन प्रणालीतल्या माणसाला ८०जीचं आमिष दाखवू नका, नंतर तो तुमच्यावर चिडेल. रोख २,०००च्या वर दिलं तर त्यावर वजावट नाही. देणाऱ्याचा पॅन, पूर्ण नाव आणि पत्ता त्याच वेळी घ्या. संस्था देणगीदारांची यादी मे अखेरपर्यंत ऑनलाइन भरते आणि त्यावरून देणगीचं प्रमाणपत्र निघतं. पॅन चुकला तर जूनमध्ये प्रत्येकजण तुम्हालाच फोन करणार.

आता बडोद्याचा खास प्रश्न. तुमचे निम्मे नातेवाईक न्यू जर्सीत असतील. त्यातला जो अजून भारतीय पासपोर्टवर आहे तो, ग्रीन कार्ड असलं तरी, बिनधास्त देऊ शकतो. ज्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय त्याचे पैसे मात्र परदेशी देणगी. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं ओसीआय कार्ड दाखवून चालत नाही. संस्थेकडे परदेशी देणगी घ्यायची एफसीआरए नोंदणी असेल तरच, आणि तेही दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या त्या ठरलेल्या खात्यातच. नोंदणी नसताना असे पाचशे डॉलरही आले तर संस्था अडचणीत येते. ग्रुपवर निरोप टाकण्याआधी हे विचारून घ्या, कारण तिकडचे लोक रात्रीत पैसे पाठवून मोकळे होतात.


दर बावीस दिवसांनी

मी इथे सहसा लिहीत नाही, वाचते. माझा मुलगा थॅलेसेमिया मेजर आहे, आता कॉलेजात आहे.

मकरपुराकर, कृपा करून त्या मुलीचा फोटो टाकू नका. नावही नको. माझ्या मुलाचा लहानपणचा एक फोटो, हातात सुई, डोळ्यात पाणी, कोणीतरी पोस्टरवर लावला होता. ते पोस्टर त्याच्या शाळेच्या रस्त्यावर होतं. मित्रांनी काय विचारलं ते त्यानं मला दहावीनंतर सांगितलं. तिनं डाव्या हातानं काढलेलं चित्र मात्र तिला विचारून टाका. ती हो म्हणेल.

दुसरं, पैसे मागता तसं रक्तही मागा. मोफत मिळतं म्हणजे असतंच असं नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद, आम्ही पिशवीसाठी फोन करत बसतो. जीआयडीसीत एक शिबिर लावलंत तर तीन लाखांइतकंच मोलाचं. पुरुषांना तीन महिन्यांनी देता येतं, बायकांना चार. स्वतः मात्र शर्यतीच्या तोंडावर देऊ नका, रक्तातलं हिमोग्लोबिन उतरतं आणि भरून यायला काही आठवडे जातात. आधी द्या किंवा नंतर द्या.

आणि तिसरं, जे ऐकायला कोणी येत नाही. शर्यतीच्या निमित्तानं लोक जमलेच तर लग्नाआधीच्या तपासणीचं बोला. साधी रक्ताची तपासणी असते, एचबीए२. आई-बाप दोघंही मायनर, म्हणजे आजाराचे नुसते वाहक, असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. पत्रिका मात्र जुळली होती, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण.


स्पष्ट बोलतो

ताई, तुमच्या उत्तरानंतर माझा वरचा मजकूर खोडत नाही, कारण लडाखवाला खरा होता. पण शिबिर लावलंत तर मी येतो. ओ पॉझिटिव्ह. मकरपुरा माझ्या ऑफिसपासून जवळ आहे.


मकरपुराकर

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण संस्थेत जाऊन आलो. ८०जी आहे, एफसीआरए नाही. म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनचा मावसभाऊ बाद, तो गेल्या वर्षीच सिटिझन झाला आणि त्यानं मोठी पार्टी दिली होती. त्याला सांगितलं तर म्हणाला, मग मी आईला सांगतो, ती इथून देईल. मावशीचे स्वतःचे पैसे असतील तर चालेल ना, आकडेमोडसाहेब?

फोटोचं लक्षात ठेवलं. चित्राचं विचारलं, तिनं अट घातलीय की ते नाही, दुसरं नवीन काढून देणार, कारण त्यात मोराचे पाय चुकलेत.

गोवा या वर्षी नको, असं ठरवलंय. रिलेचं बघतोय. सायकलसाठी आमच्या मेंटेनन्समधला एक पोरगा तयार आहे, पोहणारं कोणी नाही. मांजलपूरच्या ताई, विचारायला संकोच वाटतोय...


आकडेमोड

मावशी भारतीय नागरिक, पैसे तिच्या स्वतःच्या बचतीतले, खातं आणि पॅन तिचाच, मग काही हरकत नाही. मुलानं पाठवलेले पैसे तिच्या खात्यातून फिरवायचे असतील तर तो वळसा मला सांगू नका.


मांजलपूरची सायकलवाली

मकरपुराकर, संकोच कसला, तीन लाख मागायला निघालायस आणि एका पोहणारीला विचारायला लाजतोस? समुद्रात मी कधी पोहलेले नाही आणि लाटांची मला धास्ती आहे. त्यामुळे गोवा असेल तर आत्ता हो म्हणणार नाही. कोल्हापूरची असेल तर विचार करते, पण रिले तिथे आहे का ते आधी आयोजकांना विचारून घे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

तोवर तू पोहायला लाग. रविवारी दहाला बायकांची बॅच संपली की मी लालबागच्या फाटकाशी असते. तुझा हात पाण्यात कसा पडतो ते काठावरून बघते. टोपी आण, त्याशिवाय आत सोडत नाहीत. आणि गोळ्यांचा महिन्याचा आकडा लेटरहेडवर लिहून आण, हार्डवेअरवाले काका मंगळवारी दुकानात असतात.